खोटे देऊळ आणि खरी भट्टी

आपल्या देवस्थानाच्या कारभारावर जाहीरपणे लिहिणे हे आमच्याकडे अजूनही घरची उणीदुणी चव्हाट्यावर मांडण्यासारखे समजले जाते. ज्यांचे आजे-पणजे त्याच देवाचे महाजन होते त्यांनी तर हा अविचार कदापि करू नये, असा संकेत आहे. हा संकेत आम्ही आजवर पाळला. कोर्टात रोज दुसऱ्यांची भांडणे लढणाऱ्याने घरी तरी तोंड मिटून बसावे, हे आम्हांलाही पटते. पण काही प्रसंगी मौन म्हणजे संमती ठरते. आणि ज्या निर्णयाला आमची संमती नाही त्याच्याखाली आमची मूक सही राहू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

गेल्या नवरात्रात, मखरोत्सवाच्या दिवसांत, आमच्या देवस्थानाने अग्रशाळेच्या मोठ्या दालनात हस्तकलांचे प्रदर्शन भरविले. आमच्या पुतणीने आणि आम्ही सात महिने खपून तयार केलेली पोदेराच्या भट्टीची एक छोटी प्रतिकृती तेथे मांडण्यासाठी नेली. दुसऱ्याच दिवशी ती परत घरी आली. लेखी काही आले नाही. तोंडी तीन कारणे सांगण्यात आली. पहिले कारण असे, की हे बाहुल्यांच्या घरातले खेळणे आहे, जाणत्या माणसांनी मांडण्याजोगी कलाकृती नव्हे. दुसरे असे, की पाव भाजण्याची भट्टी देवळाच्या आवारात शोभत नाही. तिसरे असे, की हाताने केलेल्या विटा ओबडधोबड दिसतात; बाजारात विटांच्या नक्षीचा छापील कागद मिळतो, तो चिकटविला असता तर काम सुबक झाले असते. पहिले पारितोषिक थर्मोकोलच्या एका देवळाला मिळाले. त्याचे खांब, शिखर आणि कळस तयार मिळतात; ते आणून एकमेकांना जोडलेले होते.

समितीचे नाव आम्ही घेत नाही. तिच्यातील गृहस्थ सज्जन आहेत, आणि अशी समिती कमीअधिक फरकाने गावोगाव आहे. म्हणून प्रश्न व्यक्तींचा नसून दृष्टीचा आहे. त्या दृष्टीचाच येथे समाचार घ्यावयाचा आहे.

परंतु आरोपीची ओळख पटविल्यावाचून खटला चालवू नये. ही प्रतिकृती फुटाला इंच या प्रमाणात, म्हणजे मूळ वास्तूच्या बाराव्या हिश्शाने केलेली आहे. अंत्रूज महालातील एका खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक भट्टी आम्ही मालकाच्या संमतीने फीत लावून मोजली. अठरा फूट लांब आणि पंधरा फूट रुंद खोली आमच्या मेजावर दीड फूट लांब आणि सव्वा फूट रुंद झाली. मागची आणि बाजूंची भिंत गिलावा केलेल्या चिऱ्यांची. दर्शनी बाजू पाहणाऱ्यासाठी उघडी. आत घुमटाकार भट्टी, तिच्या तोंडावर कमान, वर धुराडे. हे सारे विटांचे. एका बाजूला पीठ मळण्याची काथवट, भिंतीला टेकविलेले लांब दांड्याचे लाकडी फावडे, फडक्यावर फुगत ठेवलेले उंडे, कोंड्यात घोळलेल्या पोळ्या, दोरीत ओवलेली काकणे. चार इंचांचा उंडा या प्रमाणात मक्याच्या दाण्याएवढा होतो. दाराशी टोपली बांधलेली सायकल, आणि सायकलीला तो भोंपू, ज्याच्या आवाजाने गोव्यातील निम्मी घरे सकाळी जागी होतात.

आता पहिले कारण. हे खेळणे आहे, सबब क्षुद्र आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच वाङ्मयाकडे जरा वळून पाहावे. शूद्रकाच्या नाटकात चारुदत्त आहे, वसंतसेना आहे, राज्यक्रांती आहे, खुनाचा खटला आहे. पण नाटकाला नाव मिळाले ते एका मातीच्या खेळण्यातल्या गाड्याचे. शेजारच्या मुलाचा सोन्याचा गाडा पाहून रोहसेन रडतो, त्याच्या हाती मातीचा गाडा दिला जातो, आणि वसंतसेना आपले अलंकार त्या गाड्यात भरते. पुढे तेच अलंकार भर न्यायसभेत विदूषकाच्या अंगावरून खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. ज्यांनी देवळाच्या जत्रेत देवलांचे ‘मृच्छकटिक’ रात्रभर जागून पाहिले, त्यांनीच खेळणे म्हणून नाक मुरडावे, हा विनोद शकारालाच शोभावा.

जाणत्या माणसांचे म्हणावे, तर नवी दिल्लीची आखणी करणाऱ्या एडविन लट्यन्स यांनीच १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या मेरी राणीसाठी एक बाहुल्यांचे घर उभारले. प्रमाण हेच, फुटाला इंच. त्यात नळाला पाणी येते, दिवे लागतात. ते आज विंडसरच्या राजवाड्यात आहे आणि ते पाहावयाला जाणाऱ्यांत मुलांपेक्षा प्रौढ कमी नसतात. राजवाड्याची हौस म्हणून हे उदाहरण कोणी बाजूला सारील. त्याला आम्ही आमच्या व्यवसायातले दुसरे सांगतो. अमेरिकेतील फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनी १९४० च्या दशकात संशयास्पद मृत्यूंच्या घटनास्थळांच्या छोट्या प्रतिकृती घडविल्या. प्रमाण पुन्हा तेच. त्यांतल्या बाहुल्यांचे मोजे त्यांनी टाचण्यांवर विणले. हेतू एकच, की पोलीस अधिकाऱ्याने त्या खोलीपुढे उभे राहून नीट पाहावयास शिकावे: रक्ताचा डाग कोठे आहे, दार आतून बंद होते की बाहेरून, खुर्ची कोणत्या बाजूला कलंडली आहे. त्यांपैकी अठरा खोल्या बाल्टिमोर येथे जतन केलेल्या असून तपासाच्या शिक्षणासाठी त्यांचा उपयोग चालत आला आहे. त्या बाईंना न्यू हॅम्पशायरच्या पोलीस दलाने कॅप्टनचा सन्मान्य हुद्दा दिला. खेळणे म्हणून हसणाऱ्या आमच्या समितीने त्यांच्या एखाद्या खोलीपुढे पाच मिनिटे उभे राहावे. लहान वस्तू नजरेला लहान करीत नाही. उलट तिला कामाला लावते.

दुसऱ्या कारणाकडे वळण्यापूर्वी तिसरे घेतो, कारण आमच्या मते सगळ्या चुकीचे मूळ तेथे आहे. विटा हाताने का कराव्यात? छापील कागद का चिकटवू नये?

वीट कशी होते ते आधी सांगू. डिचोलीकडील कुंभाराची माती आणून ती फडक्यातून गाळली, तुडवली, दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवून लाटली आणि पातीने कापली. नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद, तीन इंच जाड अशी वीट बाराव्या हिश्शाने एकोणीस मिलिमीटर लांब, साडेनऊ रुंद आणि सहापेक्षा किंचित जाड होते. पण एकोणीस मिलिमीटर कापली तर वाळून आणि भाजून ती साडेसतराच राहते. हे आम्हांला पहिल्या दोनशे विटा वाया गेल्यावर कळले. मग साडेवीस कापू लागलो. उन्हात वाळविली तर वाकते, म्हणून सावलीत वाळवायची. सर्व मिळून एकोणीसशे विटा झाल्या. चारशे तीस फुटल्या, वाकल्या किंवा आकाराला चुकल्या. चौदाशे बारा भट्टीला लागल्या. अठ्ठावन्न आमच्या टेबलाच्या खणात शिल्लक आहेत. हा हिशेब आम्ही फुशारकीने देत नाही. चारशे तीस विटा का वाया गेल्या याचा ज्याने विचार केला त्याला प्रत्यक्ष वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाच्या कष्टाची जेवढी कल्पना येते, तेवढी शंभर व्याख्यानांनी येत नाही.

विटा झाल्यावर बांधकाम. गवंडी ज्याला सांधेमोड म्हणतो तो नियम एवढाच, की खालच्या थरातल्या दोन विटांचा सांधा वरच्या थरातल्या सांध्याखाली येता कामा नये. नाहीतर भिंतीला वरपासून खालपर्यंत एकच भेग जाते. हा नियम कोणा परदेशी इंजिनिअरने आम्हांला शिकविला नाही. वेदकालीन अग्निचयनासाठी विटांची वेदी रचण्याचे जे शास्त्र शुल्बसूत्रांत सांगितले आहे, तेथे हेच बंधन आहे. श्येनचितीचे पाच थर, प्रत्येक थरात दोनशे विटा, एकूण एक हजार. आणि एका थराच्या सांध्यांवर दुसऱ्या थराचे सांधे पडू नयेत म्हणून एकाआड एक थराची मांडणी निराळी. ज्या शास्त्राने ससाण्याच्या आकाराची वेदी रचताना सांधा चुकविला, त्याच शास्त्राने आमच्या पुतणीने पोदेराच्या धुराड्याचा सांधा चुकविला. तिने शुल्बसूत्रे वाचलेली नाहीत. विटेने तिला ती शिकविली.

कमानीची हकीकत याहून बोलकी आहे. भट्टीच्या तोंडावरची कमान पाचरीसारख्या घासलेल्या एकोणीस विटांची. खाली लाकडी साचा ठेवून, चुना आणि गाळलेली रेती यांच्या मिलिमीटरभर सांध्यात विटा बसवायच्या, आणि चुना धरला की साचा काढून घ्यायचा. पहिल्या वेळी साचा काढताच कमान कोसळली. दुसऱ्या वेळीही कोसळली. आम्ही वकिली तोडगा सुचविला: आतून गोंद लावू, बाहेरून कोणाला दिसणार आहे? त्यावर त्या सोळा वर्षांच्या मुलीने उत्तर दिले, “काका, मग ती कमान नव्हे, कमानीचे चित्र होईल.” तिसऱ्या वेळी कमान उभी राहिली, कारण बाजूच्या दोन खांबांची जाडी आम्ही मोजताना कमी धरली होती ती चूक आता सापडली. गोंद लावला असता तर चूक झाकली गेली असती आणि कमान सुबक दिसली असती.

छापील कागदाविषयी आमची तक्रार नेमकी ही आहे. कागदावरची वीट कधी फुटत नाही, म्हणून ती कधी काही शिकवीत नाही. ती कोपऱ्यावर येऊन मधेच कापली जाते, आणि कोपऱ्यावर पाऊण वीट का लागते हे कोणाला विचारावेसे वाटत नाही. तिच्यावर कमान काढता येते. पण त्या कमानीवर काहीही उभे राहत नाही. आणि ज्या समाजाचा देव विटेवर उभा आहे त्याने तरी विटेचे चित्र आणि वीट यांतला भेद विसरू नये. पुंडलिकाने भिरकावलेली ती वीट होती. तिच्यावर पाऊल ठेवता येत होते.

‘सुबक’ हा शब्द समितीने वापरला. आम्ही विचारतो, गणेशचतुर्थीला माटोळी बांधताना हीच मंडळी प्लास्टिकचे नारळ, प्लास्टिकची पोफळे, प्लास्टिकची रानफळे टांगतील काय? ती अधिक चकचकीत दिसतात, सुकत नाहीत, दरवर्षी चालतात. तरी कोणी सुज्ञ यजमान ती टांगीत नाही. माटोळीचा अर्थच असा, की या ऋतूत या मातीत जे उगवले ते रानात फिरून, शोधून, ओळखून देवाच्या माथ्यावर बांधायचे. तो शोधच पूजेचा भाग आहे. मग जो न्याय फळाला तो विटेला का नाही?

आता दुसरे कारण, आणि ते नाजूक आहे. समितीतील एका वयोवृद्ध सभासदांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, “वकीलसाहेब, पावाच्या तुकड्याने आपली घरे बाटली. आपल्या आजीने पाव घरात घेतला होता का?” आम्ही या उद्गाराची थट्टा करणार नाही. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा आम्हीही लहानपणी ऐकल्या आहेत. सोळाव्या शतकात या भूमीवर जे घडले ते घडले. ते विसरा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि आम्ही तसे सांगतही नाही. आमच्या आजीने पाव घरात घेतला नव्हता, हेही खरे.

पण त्या सभासदांच्या नातवाला सकाळी उंडा लागतो आणि तो त्यांच्याच फाटकापाशी सायकल थांबवून घेतला जातो, हे तितकेच खरे आहे. पोटात चालतो तो पाव, डोळ्यांपुढे का चालू नये? या असल्या शुद्धाशुद्धाच्या झगड्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक आणि रानडे यांच्यासकट अनेकांवर केवढे ग्रामण्य माजले! प्रायश्चित्ताचे वाद पुढे वर्षानुवर्षे चालले. आज देवस्थानाच्या कार्यकारी सभेत चहा आणि बिस्किटे यांशिवाय विषयपत्रिका पुढे सरकत नाही. आजोबांना जे प्रायश्चित्ताला पात्र वाटले, ते नातवाला अल्पोपाहार वाटते. आणि यात धर्म बुडालेला नाही.

शिवाय ही कला येथली आहे. पाव हा शब्द आणि पोदेर हा शब्द पोर्तुगीजांकडून आले. पण आमच्याकडे पाव फुगविण्याला माडाची सूर लागली, भट्टीला येथलेच चिरे आणि येथलेच रान लागले, आणि भल्या पहाटे उठून राबले ते हात आमच्याच भूमीचे होते. ते हात बहुतांशी ख्रिस्ती बांधवांचे आहेत, म्हणून त्यांची कारागिरी आमच्या मंडपात येऊ नये, असे म्हणावयाचे असेल तर मग मंडपातले किती दिवे विझवावे लागतील याचा समितीने एकदा हिशेब करावा.

आणि पाव भाजण्याची जागा धर्मकार्यात शोभत नाही, हे तर इतिहासालाच धरून नाही. इजिप्तमध्ये थीब्झ येथे मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातून १९२० साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाच्या उत्खननकारांनी लाकडी प्रतिकृतींचा एक संच बाहेर काढला. त्यांत धान्याचे कोठार आहे, गुरांची मोजदाद आहे, नावा आहेत, आणि एका पेटीत भटारखाना आहे: दाणे दळणाऱ्या बाया, कणीक तुडविणारे पुरुष, भट्टीशी बसलेला माणूस. या वस्तूला सुमारे चार हजार वर्षे झाली. ती कोणा मुलाच्या खेळासाठी केलेली नव्हती; मृताला परलोकी भाकरीची ददात पडू नये, या श्रद्धेने ती थडग्यात ठेवली होती. अन्न शिजविण्याची जागा देवाधर्मापासून दूर ठेवावी, ही कल्पना त्या प्राचीन माणसांना समजली नसती. ती आपल्यालाही समजू नये. आपण अन्नाला ब्रह्म म्हणतो आणि आपल्या देवळात नैवेद्याची स्वयंपाकघरे असतात.

येथवर आम्ही तीन कारणांना उत्तरे दिली. पण आमचे खरे म्हणणे अजून पुढेच आहे.

ज्या भट्टीचे मोजमाप आम्ही घेतले, ती आज अस्तित्वात नाही. लाकूड परवडेना, मुलगा या धंद्यात राहीना, म्हणून मालकाने आमच्या मोजमापानंतर आठ महिन्यांनी ती पाडली. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्या जागी सारवलेले अंगण होते आणि एका कोपऱ्यात काळवंडलेल्या विटांची रास. मालकाला आम्ही प्रतिकृती दाखविली. तो बराच वेळ वाकून आत पाहत राहिला, मग त्याने बोट दाखवून म्हटले, “हांगा म्हजो बापूय बसतालो.” आणि मग एक चूक काढली: फावडे उजव्या हाताला नव्हे, डाव्या हाताला टेकवीत असत. ती चूक आम्ही त्याच रात्री सुधारली.

वकिलाला या ठिकाणी कायदा आठवला तर वाचकांनी क्षमा करावी. मूळ दस्तऐवज नष्ट झाला असेल तर त्यातील मजकुराचा दुय्यम पुरावा देता येतो. १८७२ च्या साक्ष कायद्यात ही तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती आहे. पण दुय्यम पुरावा म्हणजे वाटेल ती नक्कल नव्हे. मुळावरून केलेली किंवा मुळाशी ताडून पाहिलेली प्रत असावी लागते. जिला मूळच नाही ती प्रत न्यायालयात उभी राहत नाही; तिला आमच्या भाषेत बनावट दस्तऐवज म्हणतात. आता या कसोटीला दोन्ही वस्तू लावून पाहा. आमची भट्टी मुळाशी फीत लावून ताडलेली आहे आणि मूळ मालकाने ती तपासून दुरुस्त केली आहे. पारितोषिक मिळालेले थर्मोकोलचे देऊळ कोणत्या देवळाची प्रत आहे? मंगेशीचे? नागेशीचे? तांबडी सुर्लचे? कोणाचेच नाही. त्याचे खांब एका साच्यातले, शिखर दुसऱ्या, कळस तिसऱ्या. त्यात देवळाचा एकही थर, एकही सांधा, एकही पायरी मोजून घेतलेली नाही. देवळाच्या नावाने उभे केलेले ते कोणत्याच देवळाचे नसलेले देऊळ आहे. खोट्या देवळापेक्षा खरी भट्टी देवाला अधिक जवळची, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

देवळाच्या बाबतीत तर हा ढिलेपणा दुहेरी वाईट. प्रतिकृतीचे महत्त्व आपल्या स्थपतींइतके कोणाला कळले होते? अंबरनाथचे १०६० सालचे शिवालय पाहा, किंवा माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर पाहा. त्या भूमिज शिखरांवर जे अलंकरण दिसते ते वेलबुट्टीचे नाही. लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचून मोठे शिखर झाले आहे. देवळाच्या अंगावर देवळाचीच लघुरूपे, आणि प्रत्येक लघुरूप प्रमाणात. त्या कारागिराने लहान आहे म्हणून त्यात खोटे केले नाही.

आणि आपण तर अशा देवांचे भक्त, ज्यांची मूळ घरे उरली नाहीत. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून आली, महालसा वेर्ण्याहून आली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या पूर्वजांनी देव काखोटीला मारून नदी ओलांडली आणि मागे देवळे जमीनदोस्त झाली. त्या देवळांचे गर्भागार किती हात रुंद होते, सभामंडपाला खांब किती होते, शिखर कोणत्या घाटाचे होते, याचे मोजमाप आज आपल्या हाती नाही. त्या वेळी एखाद्या सुताराने, एखाद्या कुंभाराने, खेळणे म्हणून का होईना, त्या देवळाची हातभर उंचीची खरी प्रतिकृती करून ठेवली असती आणि ती देवाबरोबर नदी ओलांडून आली असती, तर आज आपण तिला कोठे ठेवले असते? काचेच्या पेटीत, देवासमोर, निरांजन लावून. ज्या समाजाने ही हानी सोसली त्याने मोजून केलेल्या प्रतिकृतीला खेळणे म्हणून परत पाठवावे, याचे दुःख आम्हांला पारितोषिक न मिळाल्याच्या दुःखापेक्षा कितीतरी अधिक आहे. पारितोषिकाची अपेक्षा नव्हती, असे आम्ही म्हणणार नाही. पुतणीला ती होती, आणि आम्हांलाही थोडी होती.

प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. मंडपात काय मांडावे हे ठरविण्याचा समितीचा अधिकार आम्हांला मान्य आहे. भट्टी गर्भागारासमोर मांडा, असे आम्ही कधीच म्हटले नव्हते. जागा अग्रशाळेतली होती. हाताने केलेली प्रत्येक वस्तू चांगली असते, असेही आमचे मत नाही. हाताने खोटेही करता येते, आणि यंत्राच्या साहाय्याने मोजून खरेही करता येते. आमच्या कामातही एक खोट आहे. धुराड्याच्या मागच्या बाजूचे माप घ्यावयाचे राहून गेले आणि पुन्हा जाईपर्यंत ते पडले होते. ती बाजू आम्ही अंदाजाने बांधली. तसे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी प्रतिकृतीच्या तळाला डकविली आहे. साक्षीदाराला जे ठाऊक नाही ते त्याने ठाऊक नाही म्हणून सांगितले, की बाकीच्या साक्षीला वजन येते.

म्हणून समितीपुढे, आणि या अंकाचे वाचक ज्या ज्या देवस्थानाचे महाजन वा भक्त असतील त्या सर्वांपुढे, आमच्या दोनच सूचना आहेत. पहिली अशी, की अशा प्रदर्शनात प्रत्येक प्रतिकृतीबरोबर एक कागद मागावा: मूळ वास्तू कोठे आहे किंवा होती, ती कोणी मोजली, प्रमाण कोणते, आणि काय अंदाजाने केले. एवढा कागद मागितला की थर्मोकोलची देवळे आपोआप दाराबाहेर राहतील. आणि कदाचित त्यांचे कर्ते पुढच्या वर्षी फीत घेऊन एखाद्या खऱ्या देवळाची पायरी चढतील. त्यांच्या हौसेविषयी आम्हांला आदरच आहे.

दुसरी सूचना तातडीची आहे. ज्या अग्रशाळेत हे प्रदर्शन भरले, तीच पाडून तेथे सिमेंटची तीन मजली इमारत उभी करण्याचा ठराव झाला आहे. भक्तांची सोय व्हावयास हवी, हे आम्हांला मान्य आहे, म्हणून त्या ठरावाला आम्ही विरोध करीत नाही. पण चिऱ्याच्या त्या भिंती, ते लाकडी खांब, तो उतरत्या कौलांचा माळा आमच्या पणज्यांच्या काळापासून उभा आहे. तो पाडण्यापूर्वी मोजून घ्या. आठ दिवस पुरतील. फीत आमच्याकडे आहे, मोजणारी मुलगी आमच्या घरात आहे, आणि तिने विटा सोडून आता चिरे कापावयास सुरुवात केली आहे. भट्टी समितीने परत पाठविली. त्याबद्दल राग नाही. अग्रशाळेची किल्ली तेवढी आठ दिवसांसाठी द्यावी.